दोन्या नेल्मींचा कल

३१ मार्च. प्रोग्रेसो, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभागृह.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्री. विल्बर्थ एउआन, मेरिदाहून मुद्दाम आलेल्या आमच्या मत्स्य-संशोधन केंद्राच्या संचालक डॉ. अर्मिन्दा लारा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि ज्यांना सगळं गाव मानाने 'दोन्या' म्हणतं त्या नेल्मी कांचे, त्यांना न्यायला आलेली त्यांची काम्पेचेची बहीण, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आधी माफी मागते. मेरो माशाची बंदी उठण्याच्या आदल्या संध्याकाळी आपण दर वर्षी मला इथे बोलायला बोलावता, आणि दर वर्षी मी काहीतरी कारण काढून येत नाही. इतकी वर्षं गप्प राहिलेल्या बाईच्या हातात आज एकदम माइक देणं हे अध्यक्षांचं धाडस आहे. उद्या पहाटे होड्या सुटायच्यात, बर्फ भरायचाय, गळ बांधायचेत, याची मला जाणीव आहे. मी लांबवणार नाही. असं म्हणणारेच लांबवतात, हेही मला माहीत आहे.

आपण आम्हा दोघींना ओळखता ते धक्क्यावरून. तुम्ही मेरो चिरता, मासा बर्फात टाकता आणि अंडाशय आमच्या डब्यात. गास्पार एकदा म्हणाला होता, "मासा आमचा, आतडी तुमची. बरा संसार चाललाय की बाई." त्यावर नेल्मी मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या घरीही असाच चालतो म्हणे. तुझी बायको सांगत होती."

आणि मेरो जन्मतः मादी असतो, मोठेपणी त्यातले काही नर होतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा धक्का किती हसला होता! त्या म्हणाल्या, "हसा. त्या नरांनी आधी बाईपण तरी काढलंय. तुम्हाला थेट बढती मिळाली."

पण डबा घेऊन आम्ही गेल्यावर पुढे काय होतं, ते कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आज सांगते. त्या अंडाशयाचा पातळ काप काढायचा, रंगवायचा, काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून वाचायचा. आम्ही वाचणंच म्हणतो. भरलेलं अंडाशय कुणालाही वाचता येतं. अडचण असते ती रिकाम्यांची. काही माद्या कोवळ्या असतात, त्यांनी अजून एकदाही अंडी धरलेली नसतात. काही विसावलेल्या असतात, म्हणजे अंडी सोडून झालेली, आता पुढच्या हंगामाची वाट बघणाऱ्या. काचेखाली दोघी जवळजवळ सारख्याच दिसतात. तीच बारीक, गोल, जांभळी अंडी. फरक असतो तो बाहेरच्या भिंतीत. जिने एकदा अंडी सोडली तिची भिंत जाड होते, आत घड्या राहतात. पण कधी ती जाडी आहे की नाही, यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात.

यात तुमचं काय? तुमचं बरंच काही आहे. कोवळ्या जास्त मोजल्या, तर किती लांबीचा मासा धरायचा ते माप वाढतं आणि तुमचा मासा परत पाण्यात जातो. विसावलेल्या जास्त मोजल्या, तर ते माप उतरतं, एकदाही अंडी न सोडलेले मासे तुमच्या बर्फात येतात आणि काही वर्षांनी हा धक्का ओस पडतो.

म्हणून नियम असा, की प्रत्येक काच दोघींनी वाचायची. वेगवेगळी. वाचताना एकमेकींशी बोलायचं नाही. आमची टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली आहेत, त्यामुळे आमच्या पाठी एकमेकींकडे. नेल्मींचा चेहरा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय. मला त्यांची पाठ माहीत नाही, चेहराही फारसा माहीत नाही. मला त्यांचा खोकला आणि स्टूल सरकल्याचा आवाज माहीत आहे. शुक्रवारी मात्र कॉफी करायची, दोघींचे निकाल शेजारी ठेवायचे आणि जिथे पटलं नाही त्या काचा एकत्र बघायच्या.

आता जे सांगणार आहे ते इथे सांगावं की नाही, मला अजूनही नक्की ठरवता आलेलं नाही. नेल्मींना विचारलं तर म्हणाल्या, "तुझं आहे. तू ठरव." तशी या गावात कुणाला काही माहीत नसतं असं नाही. माझा नवरा एइदेर मला सोडून मेरिदाला राहायला जाणार, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. एका शुक्रवारी नेल्मींनी दोघींचे निकाल बघितले, कॉफी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "रुबी, या आठवड्यात समुद्रातल्या सगळ्या पोरी कुमारिका झाल्या का गं?"

"भिंती पातळ आहेत," मी म्हणाले.

"जाड आहेत. मला चष्म्याशिवाय दिसतायत."

"मला तशा दिसल्या नाहीत."

"काय झालंय?"

"काही नाही."

"काही नसेल तर डोळे तपासून घे. काही असेल तर सांग."

मी सांगितलं. मेरिदाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मला मूल होणार नाही. मी ते ऐकलं, बसने परत आले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला बसले. आपण नेहमीसारखंच वाचतोय, अशी माझी खात्री होती. आजही सांगते, मी एकही काच जाणूनबुजून चुकीची वाचली नाही. मला खरंच तशा दिसत होत्या.

नेल्मींनी मला जवळ घेतलं नाही. त्यांनी त्यांचं स्टूल उचललं आणि माझ्या टेबलाशी आणून ठेवलं. म्हणाल्या, "चल, सगळ्या परत बघू. आणि ऐक, मी उलट्या बाजूला झुकते. पाच बाळंतपणं झालीयत माझी, मला रिकामं असं काही दिसतच नाही. तू तिकडे झुकतेस, मी इकडे. म्हणून तर दोघी लागतात." संध्याकाळपर्यंत आम्ही शेजारी बसून वाचलं. काही ठिकाणी त्या बरोबर निघाल्या, काही ठिकाणी मी. सोमवारी स्टूल परत त्यांच्या भिंतीशी होतं. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

संचालकबाई, नेल्मी गेल्यावर त्यांची जागा भरायची नाही असं ठरलं तेव्हा तुम्ही मला प्रेमाने विचारलं होतं, "रुबी, तुझा हात आता बसलाय. दुसरी कशाला हवी?" त्याचं उत्तर आज देते. हात बसलाय हे खरं आहे. पण मी कुठे झुकले आहे, ते मला आतून कळत नाही. तेव्हा कळलं नव्हतं. उद्या कळेल याची हमी मी देऊ शकत नाही. यात तुमच्यावर रोष नाही. पैसे नाहीत, ते मला दिसतं.

आज दुपारी खुर्च्या लावताना अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही एक शब्द टाका, त्या थांबतील." बरोबर आहे. त्या थांबतील. हे त्यांनीच मला सकाळी सांगितलं. टेबल पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "रुबी, भाषणात मला थांब म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी थांबेन. आणि मला जायचंय."

मी विचारलं, "काम्पेचेला करणार काय?"

"बहिणीशी भांडणार. दिवसभर. समोरासमोर बसून."

तर अध्यक्षमहाराज, क्षमा करा. तो शब्द मी टाकत नाही. दोन्या नेल्मी, तुम्ही जा.

या कार्यक्रमासाठी सभागृह देणाऱ्या संस्थेचे, आणि आत सल्बुतेस तळणाऱ्या भगिनींचे आभार. सल्बुतेसचा वास मघापासून माझ्यापेक्षा चांगलं भाषण करतोय. कुणाचं नाव राहिलं असेल तर ते विसरण्यातून राहिलं, मनातून नव्हे. आणि माझ्या बोलण्यात एखादी गोष्ट नको इतकी उघडी पडली असेल, तर आपली समजून झाकून घ्यावी.

उद्या तुम्ही सगळे समुद्रात असाल, नेल्मी काम्पेचेच्या बसमध्ये. माझं उद्याचं काम एकच आहे. बाजारातल्या शिक्केवाल्याकडून, यापुढे प्रत्येक निकालावर मारायला, एक रबरी शिक्का करून घ्यायचा: "एकाच वाचकाने पाहिले."