धुराची सहा मडकी

अभिमन : सहा? मामा, काल जळगावात आमच्या कंपनीच्या साहेबांसमोर तुम्ही सहा मडकी धूर सांगितला?

चुडामण : मग काय सांगू? शेजारच्या वखारवाल्या जीवरामनं पाच सांगितली. त्याच्या खाली उतरू? आपली वखार तर माझ्या आबापासूनची शे.

अभिमन : अहो, तिथे मानाचा विडा वाटत नव्हते!

सुगंधाबाई : आधी पाणी घे, अभिमन. भाच्यानं उभ्याउभ्या मामाले झापावं, बरं दिसते का?

अभिमन : बसायला वेळ नाही, मामी. साहेबांची जीप माझ्या मागूनच निघाली आहे.

चुडामण : येऊ दे. कंपनीनंच विचारलं ना, केळी पिकवायला धूर किती देता म्हणून? धूर चांगला तर केळ चांगलं. आम्ही बठ्ठ्या वखारवाल्यांनी छाती फुगवून सांगितलं.

अभिमन : तिथेच घोळ झाला. आमच्या कंपनीचा केळीचा गर जर्मनीला जातो. तिथल्या गिऱ्हाइकाचा फॅक्स आलाय. नुसत्या कारखान्याच्या धुराड्याचं सांगून भागणार नाही म्हणे. शेतातलं डिझेल इंजिन, माल वाहणारा ट्रक, तुमची वखार, कुठे किती जळतं ते सगळं कळवा. ज्याचा धूर जास्त, त्याचा माल बंद.

चुडामण : धूर इथं चोपडा गावात, अन् ठसका जर्मनीले?

अभिमन : हसू नका. पहिलं नाव तुमचंच कटणार आहे.

सुगंधाबाई : अरे, पण सहा कुठली! गोवऱ्या-भुसा भरून मडकी तर मी पेटवते. घडांवर पाला दाबते, दाराच्या फटी शेणामातीनं लिंपते. ऊब आतल्या आत राहते. तीन मडक्यांत घड कसा, हळद लावलेल्या नवरीसारखा पिवळा होतो.

अभिमन : तीनच? मग सुटलो! मामा, साहेबांना एवढंच सांगा.

चुडामण : जीपमध्ये कोण कोण शे?

अभिमन : साहेब. आणि... रस्ता दाखवायला जीवराम.

चुडामण : मग कसं सांगू? धूर कमी म्हटला की चोपड्यात एकच अर्थ. चुडामण कार्बाइडची पावडर मारतो. वरून पिवळं, आत दगड. जीवराम संध्याकाळपर्यंत बाजारभर करेल. मग कोणता बागवाला माझ्या दारात घड उतरवेल?

अभिमन : तर मग मी सांगतो.

चुडामण : तू भाचा. तो तिथंच म्हणेल, मामाले झाकतो. तुझी नोकरी जाईल रे.

सुगंधाबाई : सासूबाई म्हणायच्या, चुलीचा धूर डोळ्याले, वखारीचा धूर सोन्याले. आता तोच नरड्याले आला.

अभिमन : मामा, सहा म्हणालात तर कंपनी गेली.

चुडामण : अन् तीन म्हटलं तर नाव गेलं. मग वखारीत काय पिकवू, वटवाघळं?

(बाहेर जीप थांबते.)

अभिमन : आले. काय ते बोला, मामा.

चुडामण : ऐकते का, माळ्यावरची बाकीची मडकी काढ. सहाच्या सहा पेटव.

सुगंधाबाई : अहो, केळी करपतील.

चुडामण : करपू दे. जीवराम दारात आला शे.

सुगंधाबाई : अन् मडकी कुठून काढू? मागल्या ओट्यावर बघा जरा. त्या बाकीच्या तिन्हींत मी कधीची तुळस लावली शे.