'हे' आले का?

कपातला चहा आधी संपवा, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. मुळा नदीला पूर आला तेव्हा मी मरता मरता वाचलो. पाण्यानं नव्हे, बायकोच्या लाजेनं मरत होतो!

आमच्या बचत गटाच्या बायकांनी पुरासाठी पथक काढलं होतं. मी त्याला 'लाटणं पलटण' म्हणून चिडवायचो. पाणी चढायला लागलं तशी पलटणीनं सगळी वस्ती शाळेत हलवली. मी मात्र "बायका उगाच भितात" म्हणत मळ्यातल्या गोठ्यात आडवा झालो.

शाळेत बायकोनं शेजारच्या अलकाला विचारलं, "हे आले का?"

"व्हय की, हे मागंच बसलेत."

अलकाचे 'हे' म्हणजे तिचा नवरा! बायको निवांत झाली.

तेवढ्यात पथकाची म्होरकी सरलाबाई यादी घेऊन उभी राहिली. "'हे' न्हाई चालायचं. नवऱ्याचं नाव घ्या, अन् त्यानं ओ द्यायची."

बायकोनं तोंडाला पदर लावून नाव घेतलं. ओ आलीच नाही.

मी तोवर गोठ्याच्या पत्र्यावर, पाणी पोटरीला. समोरून ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर पलटण आली, आणि सगळ्यात पुढं माझी बायको! चाळीस वर्षांत जिनं माझ्यासमोर माझं नाव घेतलं नव्हतं, ती साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "दगडूऽऽ! दोर धर!"

मला असा धक्का बसला की धरलेला दोरच सुटला.

परवा म्हटलं, "अगं, पूर ओसरला. आता तरी 'अहो' म्हण."

म्हणाली, "दगडू, आधी ओ द्या. मग बोला."