तांडेलाची पत्रिका

पत्रिकेवरून कथा सुचते म्हणतात ना, ते मी करून बघितलंय. दिवाळी अंकासाठी लिहीत होतो. नायक पूर्णगडचा, होडीवरचा तांडेल. शेवटी त्याला बुडवावा की वाचवावा, माझं मन कौलच देईना. मग त्याची जन्मवेळ माझी मीच ठरवली आणि भाट्याला आमच्या ज्योतिषीकाकांकडे गेलो. काकांनी कुंडली मांडली, बराच वेळ बघितली.

"घाबरू नको. ह्याला जलभय नाही. ऐंशी वर्षं मरत नाही हा."

"पण काका, मला त्याला बुडवायचाय!"

काकांनी चष्मा काढला. "पोलिसांत देऊ काय तुला?"

"अहो, माझ्या कथेतला आहे तो!"

"मग ही जन्मवेळ कोणी सांगितली?"

"मीच ठरवली."

"मेल्या, जन्म तू ठरवलास, मग मरण मला कशाला विचारतोस?"