मास्तरांची मान

शिवशरण : ही केळ्यांची चौथी फणी, सोजरा. तेरा वर्षांत तुझ्या चर्चच्या मंडळीतलं एक माणूस ह्या उंबऱ्यावर आलं न्हाई. मी तापातनं उठून बसलो, तर रोज एक फणी. अन् आज तो कंपाउंडर मला 'शिवशरणभाऊ' म्हणला. कामून?

सोजराबाई : आजारी माणसाला केळी आणत्यातच. पेज प्या आधी.

शिवशरण : तापात होतो, येडा न्हाई झालो. काल पोस्टमन खिडकीतनं हात जोडून गेला. मला! देव न्हाई असं वर्गात सांगतो म्हणून ज्यानं आपलं पोरगं माझ्या शाळेतनं काढलं, त्यानं.

सोजराबाई : लोकांचं मन बदलतंय.

शिवशरण : त्यांचं बदललं, का माझं बदललं म्हणायलेत?

सोजराबाई : पेज निवायली, मास्तर.

शिवशरण : निवू दे. हा कागद बघ. केळ्यांभोवती गुंडाळलेला होता. 'ख्रिस्ती जत्रेचा मांडव, शनिवार, सकाळी दहा. साक्ष : शिवशरण मास्तर, मैलूर. अंधारातून उजेडात.' माझी साक्ष, अन् खबर मलाच न्हाई. निजामाच्या कोर्टात सुद्धा गवाहाला आधी समन्स यायचं.

सोजराबाई : सांगणारच व्हते.

शिवशरण : मग सांग. आता मी शुद्धीत आहे.

सोजराबाई : तापाचा बारावा दिवस व्हता. कंपाउंडर म्हणला, आता काय खरं न्हाई. मी पाळकांना बोलावलं. त्यांनी प्रार्थना केली अन् तुमच्या कानापाशी वाकून इचारलं, येशूला स्वीकारता का म्हणून.

शिवशरण : अन् मी काय म्हणलो?

सोजराबाई : तोंडानं काय न्हाई. मान हलवली.

शिवशरण : आडवी का उभी?

सोजराबाई : उभी.

शिवशरण : माशी बसली असंल. अगं, एकशेचार तापातल्या माणसाला 'कलेक्टर व्हतोस का' असं विचारलं असतं, तरी त्यानं मान हलवली असती. ह्याला हे उद्धार म्हणतात! मी गळ्यातलं लिंग काढून खुंटीला टांगलं, तेव्हा बाप वर्षभर बोलला न्हाई माझ्याशी. ते काढायच्या आधी मी दोन वर्षं झोपलो न्हाई नीट. अन् ह्यांचा देव कसा आला? तर माशीवर बसून.

सोजराबाई : हसा. तुम्हाला दुसरं येतंय काय.

(दारात मंडळीचे पंच दावीदप्पा येऊन उभे राहतात. हातात केळी. चपला काढत नाहीत.)

दावीदप्पा : प्रभूची स्तुती असो, शिवशरणभाऊ! चेहऱ्यावर तेज आलं की.

शिवशरण : या पंच. तसेच या चपलांसकट, घर तुमचंच झालंय. ही पाचवी फणी.

दावीदप्पा : शनिवारचं तेवढं बोलून घ्यावं म्हणलं. फार न्हाई, दहा मिनिटं. आधी आपण किती घमेंडी होतो ते सांगायचं. मग आजार, मग उजेड. जरा रडू आलं तर आवरायचं न्हाई. मन्नाएखेळ्ळीहून ट्रक भरून माणसं येणार आहेत.

शिवशरण : दरसाल कुणीतरी दारू सोडलेला उभा करता ना? ह्यावर्षी तो मिळाला न्हाई?

दावीदप्पा : दारू सोडलेले ढिगानं मिळतात, मास्तर. शिकलेला नास्तिक आजवर एक न्हाई मिळाला.

शिवशरण : अन् न्हाई आलो तर?

दावीदप्पा : तर मंडळी विचारणारच. परवाच्या रविवारी सोजराक्काला प्रभुभोजनात घेतलं, ते कशाच्या बळावर?

शिवशरण : घेतलं म्हणजे? सोजरा, तुला ते मिळत नव्हतं?

सोजराबाई : तुम्ही कधी इचारलं?

शिवशरण : तू दर रविवारी देवळात जातीस, येतीस. मला काय म्हाईत आत काय चालतं ते?

सोजराबाई : आपण गुलबर्ग्याच्या कचेरीत लग्नाची सही केली, त्याच महिन्यात पंचांनी माझं नाव काढलं. शेवटचं बाक दिलं, चपला काढतात तिथलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरतं. माझ्या पुढच्या बाकापर्यंत येतं अन् तिथनं वळतं. तेरा वर्षं मी ते वळताना बघितलं.

दावीदप्पा : शास्त्र आहे, अक्का. अविश्वासी माणसाशी जोडी केली की असं होतं. आम्ही तुला बाहेर तर काढलं न्हाई.

शिवशरण : वा! म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, पण तुमचं एक बाक हललं न्हाई. पंच, ती तुमच्या देवाला मानते का न्हाई, ते तुम्ही माझ्या मानेवरनं ठरवता?

दावीदप्पा : नवऱ्याचा देव तोच बायकोचा असावा. घर दुभंगून कसं चालंल?

शिवशरण : आमच्या मठातले स्वामी शब्दन्शब्द हेच म्हणायचे, मी तिच्याशी लग्न केलं तेव्हा. त्यांचं पोट तेवढं तुमच्याहून मोठं होतं. बाकी सगळे एका गिरणीचं पीठ. थू!

सोजराबाई : तुम्ही थुंकू नका, मास्तर. तुम्हाला तो हक्क न्हाई.

शिवशरण : मी तुझ्या बाजूनं बोलायलोय!

सोजराबाई : दर गुरुवारी ह्याच खोलीत तुमचं विचार मंडळ भरतं. दोन सालांमागं तुम्ही मला हाक मारली. म्हणलात, तुझं ते बायबलचं पुस्तक आण, योना माशाच्या पोटात गेला ते वाचून दाखव. मला वाटलं, ह्यांना ऐकायचंय. मी हात धुवून वाचायला बसले. चार वळी झाल्या न्हाईत, तर तुम्ही म्हणलात, 'तीन दिवस पोटात! माशाला जुलाब कसा न्हाई झाला?' चौघं पोट धरून हसले. अन् मग मी त्याच चौघांना चहा गाळून दिला.

शिवशरण : ती थट्टा होती, सोजरा.

सोजराबाई : तवापासनं माझं पुस्तक ज्वारीच्या कणगीत असतं. ह्यांनी बाकावरनं उठवलं, तुम्ही घरातनं. ह्यांना वाटतं मी बाटले. तुम्हाला वाटतं मी बावळट. मला तुम्हा दोघांचा वीट आलाय.

दावीदप्पा : अक्का, कडूपणा बरा न्हाई. शनिवार झाला की सगळं सुरळीत होतंय.

शिवशरण : थांबा पंच. मी येतो.

दावीदप्पा : आँ?

शिवशरण : येतो म्हणलं ना. शाळेच्या गॅदरिंगला मी तीनदा दुर्योधन केलाय. दहा मिनिटं खोटं बोलायला मला काय जातंय? घमेंड सांगतो, ताप सांगतो, उजेड पाडतो. रडतो पण. हिचं बाक पुढं येतंय ना? मग झालं.

दावीदप्पा : प्रभूची कृपा! मनात काय आहे ते तो बघून घेईल. मांडवात उभं राहणं महत्त्वाचं.

सोजराबाई : दावीदप्पा, तुम्हाला ऐकू आलं का, ते काय म्हणले ते? खोटं बोलतो म्हणले.

दावीदप्पा : आलं की. तीन तालुक्यांची मंडळी बसलेली असती, अक्का. एवढं कोण बघतंय?

सोजराबाई : मी बघते. माझ्या देवासमोर हे दुर्योधनाचं सोंग करणार, अन् तुम्ही आमेन म्हणणार. बसा खाली. मला बोलायचंय. मान ह्यांनी हलवलीच न्हाई.

दावीदप्पा : पाळकांनी डोळ्यांनी बघितलं.

सोजराबाई : पाळकांनी मान बघितली. हात न्हाई बघितला. पाणी पाजायला मी ह्यांचं डोकं उचललं व्हतं, माझा हात मानेखाली व्हता. पाळकांनी इचारलं. हे तर लाकडासारखे पडलेले. मी हात हलवला. दोनदा, वर-खाली.

शिवशरण : सोजरा...

सोजराबाई : मला वाटलं, हे मरायलेत. मेलेल्याचं काय जातंय? निदान पुढं कबरस्तानात दोघं एका जागी पडू, कुणी मधी भिंत घालणार न्हाई. बाकाचं डोक्यातसुद्धा नव्हतं माझ्या. मग रविवारी ताट आलं. तेरा वर्षांनी माझ्यापाशी थांबलं. तुकडा तोंडात घातला अन् गिळंना. चोरीचा व्हता तो. तसाच पदरात घेतला, घरी आणला. चुलीवरच्या फळीवर ठेवलाय, बघा.

दावीदप्पा : हे... हे माझ्यापुरतंच ठेवू. पाळकांच्या कानावर घालायची काय गरज? शनिवार होऊ दे आधी.

सोजराबाई : न्हाई. शनिवारी हे मांडवात येणार न्हाईत, अन् रविवारी उपासनेत मीच उभी राहून सांगते. तुम्हाला साक्ष पाहिजे ना? ही घ्या साक्ष.

दावीदप्पा : मग ते शेवटचं बाक पण राहतंय का न्हाई, मला म्हाईत न्हाई.

सोजराबाई : न्हाई राहिलं तर दारात उभी राहीन. गाणं तिथनंबी ऐकू येतं.

दावीदप्पा : नास्तिकाच्या घरात राहून जीभ फार लांब झाली तुझी. जातो मी.

शिवशरण : पंच, केळी राहिली!

दावीदप्पा : आण इकडं.

शिवशरण : ...खरंच नेली की गं. मी आपलं गमतीनं म्हणलो.

सोजराबाई : तुमची गंमत कुणाला कळत न्हाई, मास्तर. मलाबी कधी कळली न्हाई.

शिवशरण : मी मरतोय वाटलं, म्हणून एवढं केलंस?

सोजराबाई : व्हय. मी केलं ते पाप व्हतं. अन् तुमच्यासाठी केलं, म्हणून त्याचा मला जास्त राग येतोय.

शिवशरण : आता काय करू मी? सांग.

सोजराबाई : पुस्तक आजपासनं कणगीत न्हाई, तुमच्या सायन्सच्या पुस्तकांच्या फळीवर राहील. गुरुवारी मंडळ भरलं की चहा तुम्ही गाळायचा. अन् फळीकडं बघून जो हसंल, त्याला चहा न्हाई. तुम्ही हसलात तर तुम्हालाबी न्हाई.

शिवशरण : मंडळातले म्हणतील, मास्तर बायकोला भ्याला.

सोजराबाई : म्हणू द्या. तेवढं तरी खरं असंल.

शिवशरण : पाणी दे जरा.

सोजराबाई : हे घ्या. मान तुमची तुम्ही उचला.