डबा जसा असंल तसा

मंडळी, तुमी सगळी कामं टाकून हितं लिंबाखाली येऊन बसलात. आपल्या कळस गावची हायेत, पणदऱ्यावरनं पाव्हणं आल्यात, बारामतीवरनं तात्यांची जुनी पोरंबी आल्यात. मला बोलायला उभं केलंय. मी इंदापूरच्या शाळंत गणित शिकवतो, दिवसभर बोलतो. आज मातर तोंडात शब्द न्हाय. रडूबी न्हाय. सोमवारी सकाळी दगडूतात्या अंगणात बसल्या जागी गेले. आज चौथा दिवस. खांदा दिला, लाकडं रचली, पाव्हण्यांना फोन केले. सगळं केलं, पण आत काय हललंच न्हाय. लोक म्हणत्यात, मास्तर घट्ट हाय. घट्ट न्हाय बाबांनो, बधिर झालोय.

ज्यांना ठावं न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. तात्यांनी अर्धं आयुष्य मेंढरं राखली. शाळेची पायरी चढले न्हाईत. मेंढरं विकली अन् मंग एक काम अंगावर घेतलं, कुणी न सांगता. गावातली जी पोरं बारामतीला खोली घेऊन शिकत्यात, त्यांचं डबं सकाळच्या एसटीनं जात्यात. ते घरोघर फिरून गोळा करायचं, पिशवीवरचं नाव दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं, कंडक्टरच्या हवाली करायचं. संध्याकाळच्या गाडीनं आलेलं डबं परत ज्याच्या त्याच्या घरी. पावसात, तापात, सणाला. कितीक वर्षं.

अन् कॉलेज सुरू व्हायच्या आधी नव्या पोरांना ह्याच लिंबाखाली बसवायचे. पोरांना वाटायचं, आता म्हातारा अभ्यास करा म्हणंल. तात्या अभ्यासाचं बोलायचेच न्हाईत. म्हणायचे, "त्यातलं मला काय कळतंय? मी डब्याचं सांगतो. डबा जसा असंल तसा परत पाठवायचा. जेवला तर रिकामा. न्हाय जेवला तर भरलेला. न जेवता रिकामा करायचा न्हाय."

आमी हसायचो. मीबी हसलो.

पुढं बसलेल्या पोरापोरींनो, तुमी आता कॉलेजला चाललाय. नीट ऐका. गावच्या शाळंत मी पहिला यायचो. बारामतीला गेलो अन् पहिल्याच तासाला सगळं इंग्रजीतनं. फळ्यावरचं उतरवून घ्यायचो, कळायचं काय न्हाय. हात वर करायची लाज. शेजारची पोरं भराभर लिहायची अन् मला घाम फुटायचा. भूक मेली. आई पहाटं उठून भाकरी थापायची, शेंगदाण्याची चटणी, कालवण. अन् मी? खोलीमागं एक कुत्रं व्हतं, त्याला घालायचो. डबा धुऊन, पुसून, चकचकीत परत. आई गावभर सांगायची, "माझा ज्ञानू समदं चाटूनपुसून खातो." व्हय आई. कुत्रं खात व्हतं.

पहिल्या परीक्षेत तीन विषय गेले. त्या दिवशी कुत्र्यापर्यंत जायचंबी बळ न्हवतं. डबा तसाच गाडीत दिला.

तात्यांनी तो स्टँडवर हातात घेतला. मेंढरू नुसतं उचलून दुखणं ओळखणारा माणूस. तो डबा त्यांनी आईकडं न्हेलाच न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं, डब्यांबरोबर, स्वतः आले. दारात पायताण काढलं, बसले. काय झालं, विचारलं न्हाय. म्हणाले, "आधी जेव." मी जेवलो. मंग सगळं सांगितलं, कुत्र्याचंबी. वाटलं, आता कानाखाली बसती. ते एवढंच म्हणाले, "आरं, आमाला कळणार कसं? आमच्या हातात तेवढा डबाच हाय."

मंग मला घेऊन कॉलेजात आले. सरांच्या खोलीबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले अन् मला म्हणाले, "आत जा. मला कळत न्हाय, एवढं सांग. दुसरं काय बोलू नको." मी गेलो. तेवढंच बोललो. सर चांगले व्हते, वर्ग सुटल्यावर बसवून शिकवायला लागले. आज मी मास्तर हाय तो त्या एका वाक्यावर.

पोरांनो, कळलं न्हाय तर कळलं न्हाय म्हणा. करमत न्हाय तर आईला फोनवर करमत न्हाय म्हणा. मोबाईलवर "मजेत हाय" लिहायला काय लागतंय? आता स्टँडवर तात्या न्हाईत.

आता ज्याच्यासाठी मी खरा उभा राहिलोय, ते बोलतो. ही तात्यांची नात गौरी, तितं दाराजवळ बसलीय. तिला बारामतीच्या कॉलेजात जागा मिळालीय. उद्या संध्याकाळपर्यंत तितं जाऊन कागदपत्रं दाखवली न्हाईत, तर जागा दुसऱ्याला जाती. अन् भावकी म्हणती, सुतक हाय. दहावा झाल्याबिगार पोरीनं उंबरा ओलांडायचा न्हाय, पुढच्या वर्षी बघू. काल मी तिला विचारलं. म्हणाली, "माझं काय न्हाय काका, मला तसंबी जायचं न्हवतं." हसत म्हणाली.

महादूअण्णा, तुमी तिचं वडील. तात्यांचं दुःख तुमाला जास्त हाय, मला मान्य. रीत मोडा म्हणायची माझी ऐपत न्हाय. पण ती पोरगी खोटं बोलतीय, अण्णा. मला चांगलं कळतंय, पहिल्या परीक्षेपतूर मीबी तसंच बोललोय.

काय काकी? तुमी काय म्हणताय? जरा थांबा, मागच्यांना ऐकू जाईना. मंडळी, तात्यांच्या मालकीण बोलत्यात, गप ऐका.

काकी म्हणत्यात, "तिच्या वाटचं सुतक मी धरते. पोरीला जाऊ द्या."

ऐकलं समद्यांनी? अण्णा, तुमी व्हय म्हणून मान हलवलीत, मी बघितली.

माझं झालं. तात्या, राम राम. आता सगळ्यांनी उभं राहायचं, दोन मिनिटं, न बोलता. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालंल.

गौरे, तू उभी राहू नको. तू आत जा, कागदं गोळा कर.