बाबानं जमवलेली रॅमची जोडी

गेमिंगचा पहिला कॉम्प्युटर घ्याचा असन ना, तं माया बाबाले सोबत नेऊ नका बाप्पा.

आमी तेल्हाऱ्याहून अकोल्याले गेलो. ग्राफिक्स कार्ड जरा बरं घेतलं, म्हणून प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला, तवा कुठं बजेट जमलं. राह्यली रॅम. दुकानदार सलीमभाईनं एकाच कंपनीच्या दोन पट्ट्या काढल्या.

बाबा म्हणे, "एक याची दे, एक दुसऱ्या कंपनीची."

"कावून काका?"

"कपाशीचं बियाणं मी असंच घेतो. एक कंपनी फसली, तं दुसरी तरी उगवते."

"काका, हे बियाणं नाही. दोन्ही सारख्याच घ्या."

"तुले त्या कंपनीचं कमिशन असन!"

शेवटी बाबाच्या मनासारख्या दोन कंपन्यायच्या पट्ट्या घेतल्या अन् कॉम्प्युटर घरी आणून जोडला. पंखे फिरले, लाईट लागले, स्क्रीन काळीच. एक पट्टी काढली की चालू, दोन्ही लावल्या की बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यष्टीनं अकोला. सलीमभाई हासला. म्हणे, "काका, तुमी वखराले एकीकडून बैल अन् दुसरीकडून गोऱ्हा जुंपता काय?"

मले वाटलं, बाबा वरमले. तं उलटे त्याच्यावरच उखडले, "मंग जोडी पाह्यजे, असं कालच सांगाचं ना! बैलजोडी जमवाले मी तीन बाजार फिरलो होतो!"

मंग सलीमभाईनं बदलून दिलेल्या दोन्ही पट्ट्या त्यायनं उजेडात शेजारीशेजारी धरल्या, उलट्यासुलट्या करून पाह्यल्या अन् इचारलं,

"एकाच दावणीच्या आहेत ना?"