आधी विहीणबाई

बायांनो, विहिणीने माझ्या सोनलला सून कधी म्हटलं, ते ऐकाच. जपानातल्या भूकंपानंतर सेंदाई शहरात सोनलला ज्याने सांभाळलं, तो केनियाचा ओटियेनो आता माझा जावई. पण परक्या देशाची म्हणून त्याची आई तिच्याशी अवाक्षरही बोलत नव्हती.

नाताळाला त्याच्या गावी सगळी भावकी जमते. जपानात नाताळची सुट्टी नसते, म्हणून दोघं संध्याकाळी टोकियोत फुनाबोरीला माझ्याकडे आली, मी पानं वाढली आणि त्यांनी गावी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अंगणात बोकडाचं जेवण वाढलेलं, पण कोणी हात लावेना.

सोनल म्हणाली, "आई, तू सासूबाईंपेक्षा मोठी. त्यांच्याकडे थोरल्या बाईने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाही."

"मुलीची आई आहे मी! विहिणीच्या आधी जेवू?"

जावयाने हे आईला सांगितलं. ती फोनमधून गरजली, "आधी त्या!"

"आधी तुम्ही!"

तिकडची पोरं रडकुंडीला आली. एक म्हातारा काका बोकडाकडे बघून उसासे टाकायला लागला. शेवटी मी ओरडले, "सांगा तिला, दोघी एकदम!"

दोघींनी घास उचलला, ओठांपाशी नेला आणि दोघीही थांबलो, दुसरी खाते का ते बघायला!

विहीण खो खो हसली. म्हणाली, "सूनबाई, पुढच्या नाताळाला या हट्टी बाईला घेऊनच ये."

"येते म्हणावं," मी म्हटलं, "पण आधी तीच जेवेल!"

तोवर काका जेवून हात धुऊन आला होता.